व्याह्यांनी पास केलेली बोट

काट्यावरच्या माणसानं मला दोनदा विचारलं, "आत काय भरलंय मॅडम?"

"काही नाही. रिकामी आहे."

"रिकामी न्हाई ही."

आमच्या शेजारच्या रोलिंग मिलचा तो वजनकाटा. रोज त्यावर लोखंडाच्या गाड्या चढतात. त्या दिवशी टेम्पोत एक मोटरबोट होती. चौदा फुटी, फायबरची, जुनी, आणि पुढच्या टोकाला राजहंसाची मान बसवलेली. टेम्पोचं वजन वजा करून बोट भरली सहाशे बारा किलो. बोटीच्या मागे कंपनीचा बिल्ला होता, त्यावर इंजिनाशिवाय वजन दोनशे नव्वद असं कोरलेलं. म्हणजे तीनशे बावीस किलो जास्तीचा माल बोटीत होता आणि डोळ्यांना एक किलोही दिसत नव्हता.

काटेवाल्यानं पावतीवर मटेरियलच्या रकान्यात 'स्क्रॅप' लिहायला घेतलं. बोटीचे मालक किसनराव टेम्पोतून खाली उतरले.

"स्क्रॅप कशाला लिहून राह्यला? माझ्या लेकीसाठी घेतलेली बोट हाय ती."

शेवटी त्यानं 'इतर' लिहिलं.

मी सुजाता खरात. जालना एमआयडीसीत माझं फायबर आणि पफचं वर्कशॉप आहे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचा. टाक्या, कूलरच्या बॉड्या, पत्रे त्याचेच होतात. पफ म्हणजे फोमचा एक प्रकार. दोन केमिकल मिसळून ओतली की फसफसून फुगतात आणि घट्ट होतात. तुमच्या फ्रीजच्या भिंतीत तोच असतो. बियाणं कंपन्यांच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत आम्ही तो भरतो. सत्तावीस वर्षं हेच करतेय. बोट कधी केली नव्हती. किसनरावांचा पहिला फोन आला, "तुम्ही बोट दुरुस्त करता का?" तेव्हा मी "दवाखान्यात दाखवा" म्हणून ठेवून दिला होता.

किसनराव मिरचीवाले. केदारखेड्याच्या पुढे, नदीच्या पल्याड त्यांची वस्ती. मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जाते. उन्हाळ्यात नदीतून मोटारसायकल जाते, पण पावसाळ्यात बंधारा भरला आणि वरून पूर आला की वस्ती तीन-चार दिवस तुटते. त्यांची एकुलती एक लेक अर्चना जालन्यात दिलेली. तिला सहावा संपत आला होता.

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हाया पाहिजे, मॅडम," किसनराव म्हणाले. "व्याही न्हाई म्हणत न्हाईत. म्हणत्यात, पूर आला तर पोरीला दवाखान्यात कसं नेणार ते दाखवा, मंग पाठवतो. म्हणून बोट घेतली. सातव्यात आणावी लागंल. आठव्यात पोरगी हलवीत न्हाईत आमच्यात. अन् नववा लागला की नदी कुणाचं ऐकत न्हाई."

जूनचा शेवटचा आठवडा होता. सातवा जुलैअखेर संपणार. म्हणजे माझ्याकडे एक महिना होता आणि माझी डिलिव्हरी डेट पोरीच्या डिलिव्हरी डेटवरून ठरली होती.

मी विचारलं, "ही बोट कुठून आणलीत?"

ती त्यांनी जालन्यातल्या एका मंडप डेकोरेटरकडून घेतली होती. त्यानं कुठल्याशा तलावावरून लिलावात घेतलेली. आपल्याकडे डोहाळजेवण झोपाळ्यावर करतात, बागेत करतात, चांदण्यात करतात, तसंच नावेतही करतात. जालन्यात नाव कुठून आणणार? म्हणून या डेकोरेटरनं लॉनवर बोट मांडली, तिला राजहंसाची मान लावली आणि कित्येक वर्षं भाड्यानं दिली. गरोदर बाई आत बसायची, फोटो निघायचे. बोट सगळा काळ जमिनीवर होती. तरी ती आतून बुडालेली होती.

ते कसं, तेवढं सांगते. अशा बोटीला दोन तळ असतात. खालचा पाण्यावर टेकतो, वरचा आपल्या पायाखाली. मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. उद्या बोटीत पाणी शिरलं तरी या फोममुळे ती तरंगत राहावी, हे त्याचं काम. या फोममध्ये लाखो बारीक बुडबुडे असतात, प्रत्येक बुडबुडा बंद. पण फरशीला तडे गेले, वर्षानुवर्षं पावसाचं आणि लॉनच्या फवाऱ्याचं पाणी आत मुरत राहिलं, की बुडबुड्यांच्या भिंती फुटतात आणि पाणी घरात शिरल्यासारखं त्यात राहायलाच येतं. ते परत निघत नाही.

"उन्हात वाळवली की मी," किसनराव म्हणाले. "सगळा मे महिना गच्चीसारखी तापत होती. पाणी खालून जावं म्हणून भोकं बी पाडली."

"कशाला?"

"बोटीला. बुडाला. पाच भोकं. कुंडीला आस्त्यात तशी."

मी खाली वाकून बघितलं. पाच भोकं होती, अगदी एका ओळीत. माणूस नीटनेटका होता यात शंका नाही.

माझे कारागीर सलीमभाई यांनी कटरनं वरची फरशी कापायला घेतली. पहिला तुकडा उचलला आणि ते मागं सरकले.

"मॅडम, ही तर गादी निघाली. बिलकुल गादी."

खरोखर गादीचा फोम होता. गुलाबी, चार इंची, बाथरूममधल्या स्पंजच्या जातीचा. सलीमभाईंनी एक तुकडा पिळला तर अर्धी बादली भरली. मी डेकोरेटरला फोन लावला.

तो म्हणाला, "मागं एकानं सांगितलं आतला फोम खराब झालाय, बदलून घ्या. मंग बदलला. भारीतला टाकला मॅडम, चाळीस डेन्सिटीचा. दहा वर्षं बसत न्हाई."

"अहो, बोटीतला फोम वेगळा असतो."

"फोम म्हणजे फोम. वरून बाई बसणार, तिला मऊ लागलं पाहिजे का न्हाई?"

बोटीला तरंगायला लागतं हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याची बोट कधी पाण्याला लागलीच नव्हती.

गादीखाली मूळचा फोम होता. एकेकाळी पिवळा असणार. आता तपकिरी, थंड आणि वीट उचलावी तसा जड. त्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे, सुपाऱ्या, हळकुंडं आणि एका कोपऱ्यात ओटीतले गहू सापडले. गव्हाला पांढुरके कोंब आले होते. किसनरावांनी ते बघून हात जोडले.

"शुभ हाय मॅडम हे. बोटीत अंकुर फुटला."

"किसनराव, गहू उगवले याचा अर्थ आत शेत तयार झालंय. आपल्याला शेत नकोय."

चार दिवस आम्ही फावड्यानं आणि खरवडणीनं फोम काढत होतो. बोटीत वाकून, तोंडाला फडकं बांधून. वास असा की शेजारच्या मिलमधल्या लोकांनी येऊन विचारलं, काही मेलंय का. पाचही भोकं आतून-बाहेरून फायबर चढवून बंद केली. आता पोकळी वाळवायची, वरची फरशी जोडायची, तिच्या भोकांतून नवा पफ ओतायचा. माझ्या हिशोबानं दहा दिवसांचं काम.

याच वेळी व्याही आले.

पंडितराव बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये आयुष्यभर होते. रिटायर झाले होते, पण लॅब त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. खिशात दोन पेनं, एक भिंग आणि लांब वही. मला नमस्कार केला, चहाला नको म्हणाले आणि बोटीभोवती तीन चकरा मारल्या.

"लॉट नंबर काय?"

"कशाचा?"

"बोटीचा."

"बोटीला लॉट नंबर नसतो."

"मग ट्रेस कसं करणार?"

मी म्हटलं, "पंडितराव, जालना जिल्ह्यात ही एकच बोट वर्कशॉपात आहे. हरवली तर आपण विचारत जाऊ, लोक सांगतील."

ते हसले नाहीत. वहीत लिहिलं. राजहंसाच्या मानेकडे बघून विचारलं, "याचं फंक्शन?" किसनराव म्हणाले, "शोभा." तेही लिहिलं. जाताना म्हणाले, "फोम भरला की कळवा. नमुना घेईन."

मला राग आला. सत्तावीस वर्षांत माझ्या पफचा नमुना कोणी घेतला नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर भिंतीवर टकटक करून बिल पास करतात. आणि हा गृहस्थ बोट पेरायची असल्यासारखा वागत होता. सलीमभाईंना मी म्हटलंसुद्धा, "पोरगी पाठवायची नाही, म्हणून हे सगळं." सलीमभाई म्हणाले, "मॅडम, बाप हैं तो बाप, लेकिन ये सासरा भी कम नहीं."

संध्याकाळी अर्चनाचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, सासरे तुम्हाला तरास देऊन राह्यले ना? वाईट न्हाईत हो ते. माझ्या गोळ्या मोजून देत्यात, दुधाचं बी माप करत्यात. मी जेवायला बसले की काटा काढत्यात." मग म्हणाली, "पण मला घरी जायचंय. माय लागते हो मला आता. बोट होईल ना?"

मी म्हटलं, होईल. एवढ्या खात्रीनं म्हटलं की माझं मलाच बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी चूक केली.

जुलैच्या मध्यावर झड लागली होती. हवा ओली, भिंतीला हात लावला तर चिकट. बोटीच्या पोकळीत हॅलोजनचे दिवे लावून आम्ही दोन दिवस वाळवलं. नियमानं आठ दिवस हवेत. पण मी हात फिरवून बघितला, हाताला कोरडं लागलं. म्हटलं, सत्तावीस वर्षांचा हात आहे. ओता.

पफ ओतायचं काम घाईचं असतं. दोन डबे मिसळले की अर्ध्या मिनिटात ओतलं पाहिजे, नाहीतर बादलीतच फुगतं. फरशीला ठेवलेल्या भोकांतून थोडं थोडं ओतायचं. फुगून वर आलेला पफ भोकांतून छत्र्यांसारखा बाहेर येतो. दुपारपर्यंत बोटीवर बारा छत्र्या उगवल्या. दिसायला काम फर्स्ट क्लास होतं. मी पंडितरावांना कळवलं, "या, घ्या नमुना."

ते परखी घेऊन आले. परखी म्हणजे पोतं न उघडता आतलं धान्य काढायची टोकदार पोकळ नळी. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोत्यात खुपसतात. त्यांनी ती माझ्या बोटीत खुपसली. पुढून, मधून आणि मागून, असे पफचे तीन दांडे काढले. घरून आणलेल्या छोट्या काट्यावर तिन्ही तोलले. वहीत आकडे लिहिले. मग माझ्याच बादलीत पाणी भरलं, तुकडे आत टाकले, वर जाळी ठेवून दगड ठेवला.

"चोवीस तास," म्हणाले. "उद्या याच वेळेला येतो. बादली हलवू नका."

दुसऱ्या दिवशी किसनरावही आले होते. पंडितरावांनी तुकडे काढले, टिपकागदानं टिपले, तोलले. पुढचा तेवढाच. मधला तेवढाच. मागचा जवळजवळ दीडपट.

"मॅडम, लॉट फेल."

"वरचं पाणी असेल. परत पुसा."

त्यांनी परत पुसला. तेवढाच भरला.

"एका तुकड्यावरून काय ठरतं?"

"तीन पोत्यांतलं एक पोतं न उगवणारं असंल, तर तुम्ही शेतकऱ्याला काय सांगणार? दोन चांगली निघाली म्हणून?"

मी बरंच बोलले. हवामान, डेन्सिटी, माझा अनुभव, माझी कामं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो मधोमध मोडला. आतमध्ये बंद बुडबुडे नव्हते. शिळ्या पावासारखी मोठी मोठी भोकं होती, एकातून दुसऱ्यात उघडणारी. कोणाला कळो न कळो, मला कळलं. पफच्या एका केमिकलचं पाण्याशी वाकडं असतं. ओलावा भेटला की ते आपलं काम सोडून पाण्याशीच भांडत बसतं आणि फोम असा पोकळ होतो. बोटीच्या मागच्या भागात ओलावा राहिला होता. हाताला लागला नव्हता एवढंच. मी स्वतः, पैसे घेऊन, त्या डेकोरेटरसारखाच बोटीत स्पंज भरला होता. फक्त माझा महाग होता.

किसनराव माझ्या तोंडाकडे बघत होते. बोट फेल म्हणजे पोरगी नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मागचा सगळा काढून परत भरावा लागेल."

"सातवा संपायला अकरा दिवस हायेत," किसनराव म्हणाले.

"पोकळी वाळायलाच या हवेत दहा जातील."

सलीमभाईंनी उगाच कटरची वायर गुंडाळली. मग पंडितरावांनी वही मिटली.

"ओलावा किती टक्क्यांवर आणायचा?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडं ड्रायर हाय. जुलैत रिकामाच आस्तो."

बियाणं प्लांटमध्ये ड्रायर म्हणजे मोठी सिमेंटची खोली. खाली जाळीची फरशी आणि तिच्यातून येणारी गरम कोरडी हवा. मक्याची कणसं त्यात वाळवतात. मी सतरा कोल्ड स्टोरेज केली, पण बोट वाळवायला ड्रायर आहे हे मला सुचलं नव्हतं. ज्या माणसाला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या देत होते, त्याला सुचलं. सलीमभाईंनी दोन दिवसांत मागचा भाग पुन्हा कापून खरवडला. तिसऱ्या दिवशी बोट टेम्पोत चढली.

प्लांटच्या गेटवर वॉचमननं अडवलं.

"माल कोणता?"

"बोट," पंडितराव म्हणाले.

"साहेब, तुम्हाला मी ओळखतो. पण रजिस्टरमध्ये पीक लिहावं लागतं."

"पीक: इतर."

"वाण?"

"फायबर."

"बियाण्याचा क्लास? पायाभूत का प्रमाणित?"

पंडितराव क्षणभर विचारात पडले. खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "अजून प्रमाणित न्हाई. टेस्टिंगला आणलीय."

वॉचमननं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि राजहंसाच्या मानेला एक टॅग बांधला. बोट तीन दिवस ड्रायरमध्ये होती. पंडितराव रोज दोनदा जाऊन आत ओलाव्याचं मीटर लावत आणि मला फोनवर आकडा सांगत. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. फक्त आकडा. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. "घ्या ओतून."

त्या दिवशी ऊन पडलं होतं. ड्रायरच्या दारातच आम्ही पफ ओतला. या वेळी मीच परखी मागून घेतली आणि पाच नमुने काढले. चोवीस तास मी बादलीकडे इतक्यांदा बघितलं की सलीमभाई म्हणाले, "मॅडम, इतनी फिकर तो दसवी के रिझल्ट की नहीं की होगी." पाचही तुकडे जेवढ्याला तेवढे भरले. पंडितरावांनी वहीत खूण केली. मला वाटलं, सुटले.

"आता बोट बुडवून दाखवा," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्हीच सांगितलं ना, पाणी भरलं तरी तरंगायला पाहिजे. तुकडा पास झाला. बोट कुठं झाली?"

यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला. बोटींच्या धंद्यात ही टेस्ट खरंच करतात, हे मी नंतर वाचलं.

बंधाऱ्याजवळ दोन पुरुष खोल पाणी होतं. फरशी, रंग, सगळं पुरं करून बोट आम्ही तिथं नेली. सातव्याचे तीन दिवस उरले होते. सगळी वस्ती काठावर. बोट पाण्यात सोडली, छान तरंगली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही तिच्यात पाणी भरायला लागलो आणि टाळ्या थांबल्या.

एक म्हातारी किसनरावांना म्हणाली, "आरं, एवढा खर्चा करून आणली अन् बुडवून काय राह्यलास?"

"व्याही म्हणाले म्हणून, काकू."

"व्याही म्हणतीन तर तू बी उडी टाकशीन का?"

तीही वेळ पुढं आली. बादल्यांनी भरता भरेना, म्हणून किसनरावांनी मिरचीच्या ठिबकची मोटार लावली. नदीचं पाणी पाइपानं उचलून बोटीत. बोट हळूहळू खाली गेली. काठ पाण्याला टेकले. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं. वर नुसती राजहंसाची मान आणि तिला तो टॅग. पण तिथंच थांबली. खाली जाईना.

पंडितराव म्हणाले, "रिकामी हाय अजून. माणसं बसली तर?"

किसनरावांनी चपला काढल्या, दोरी धरली आणि सरळ बोटीत जाऊन बसले. कमरेपर्यंत पाण्यात. बोट चार बोटं खाली गेली आणि परत थांबली.

"या पाव्हणं," ते आतून म्हणाले. "वजन वाढवा."

पंडितरावांनी खिशातली वही माझ्याकडे दिली. पेनं दिली. भिंग दिलं. आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी जाऊन व्याह्यांच्या समोरच्या फळीवर बसले. दोघं व्याही, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बोटीत, पोटापर्यंत बुडून समोरासमोर. बोट हलली, डुलली आणि तरंगत राहिली.

मग किसनरावांचाच आवाज आला.

"पाव्हणं, माझ्या लेकीला मी बुडू देईन का हो?"

"तुम्ही न्हाई देणार," पंडितराव म्हणाले. "नदीचं कोण सांगणार? म्हणून तपासून राह्यलो. ती माझी बी लेकच हाय."

किसनरावांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं. त्या परिस्थितीत त्याची काही गरज नव्हती, तोंड सोडून ते सगळे ओलेच होते. पण मला कळलं कशासाठी मारलं.

"गुरुवार चांगला हाय," पंडितराव म्हणाले. "सातव्याचा एक दिवस उरतो."

"गुरुवार," किसनराव म्हणाले.

तसंच बसून त्यांनी वेळ ठरवली, बरोबर कोण येणार ते ठरवलं, अर्चनाला कोणत्या गोळ्या कधी द्यायच्या ते पंडितरावांनी तोंडी सांगितलं. मी काठावर उभी राहून त्यांच्या वहीत उतरवून घेतलं.

गुरुवारी मी नव्हते. दुपारी किसनरावांचा फोन आला. "आली मॅडम. पोचली घरी."

"इंजिन नीट चाललं का?"

इंजिन भोकरदनच्या एका पंप मेकॅनिकनं केलं होतं, म्हणून मला काळजी.

"लावलंच न्हाई. हादरा बसंल तिला, म्हटलं." मग जरा ओशाळून म्हणाले, "वरच्या अंगाला उतार हाय तिथून आणली. पाणी कमरेइतकंच होतं. ती बसली बोटीत, मी दोरी धरून पाण्यातून चालत आलो."

"कमरेइतकं होतं तर ट्रॅक्टर गेला असता की."

"सहज गेला असता. पण बोटीतून आणतो म्हणून कबूल केल्तं ना."

सप्टेंबरच्या शेवटी, भर पुरात, पहाटे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलं, चार मिनिटांत पल्याड, तिथून जीपनं दवाखाना. मुलगी झाली. किसनरावांनी व्याह्यांना फोन केला. पंडितरावांनी पहिलं विचारलं, अर्चना कशी आहे. दुसरं विचारलं, वजन किती. दोन किलो नऊशे, किसनराव म्हणाले. पंडितरावांनी विचारलं, "काटा कोणता होता?"

आता आमच्याकडे काम कुठलंही असो, कोल्ड स्टोरेज असो की टाकी, ओतलेल्या पफचा तुकडा चोवीस तास दगडाखाली पाण्यात बुडवून ठेवते. गिऱ्हाईक विचारतात, ही कोणती टेस्ट. सलीमभाई सांगतात, व्याही टेस्ट. आजवर आम्ही तिच्यात दोनदा फेल झालो आहोत, आणि दोन्ही वेळा हाताला कोरडंच लागलं होतं.